नळाचा पाऊस

सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत नॉब हिल नांवाची एक टेकडी आहे व तिच्या माथ्यावर फेअरमाँट नांवाचें एक जुनें, भव्य हॉटेल आहे. त्या हॉटेलाच्या पोटांत एक तलाव आहे. १९२९ सालीं तो पोहण्यासाठीं बांधला होता. परंतु १९४५ सालीं एका चित्रपटसंस्थेच्या नेपथ्यकाराच्या हातून त्याचें रूपांतर झालें आणि तो दक्षिण समुद्रांतील एखाद्या बेटावरची खाडी बनला. भोंवतीं बांबू, गवती छपरें व कोरीव खांब. पाण्यावर तरंगणाऱ्या नावेंत गाणारी-वाजविणारी मंडळी. आणि मधून मधून ढगांचा गडगडाट, विजेची चमक व त्यामागून वरच्या नळांतून तलावावर कोसळणारी पावसाची सर! या जागेस 'टोंगा रूम' असें नांव आहे. आमचा भाचा त्या बाजूस नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या आग्रहावरून एका संध्याकाळीं आम्ही सहकुटुंब तेथें गेलों.

आमचा जन्म कोंकणांतला. मृगापासून हस्तापर्यंत पाऊस अंगावर घेत वाढलेल्या माणसास, पैसे मोजून नळाचा पाऊस पाहावयास बसलेली मंडळी पाहिल्यावर हंसूं आल्यावांचून कसें राहील? आमच्यापुढें अननसाचा व लिंबाचा रस घातलेला, मद्याचा थेंब नसलेला एक पेला होता. भाच्यापुढें 'माई-ताई' होती. हें नांव ऐकतांच आमच्या सौभाग्यवतीस जें हंसूं लोटलें तें पुढचीं दहा मिनिटें आवरेना. एकंदर सर्वच प्रकार आम्हांस पोरकट वाटला, आणि तसें आम्हीं बोलूनहि दाखविलें. त्यावर भाचा शांतपणें म्हणाला, "मामा, तुम्ही नाटकाला जातां तेव्हां मागचा पडदा रंगविलेला आहे अशी तक्रार करतां का? हा पाऊस नळाचा आहे हें येथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोणी फसलेला नाहीं. मग दोष कुठं आहे?"

त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं परत आल्यावर मात्र तो प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला. कारण तो एका पानगृहापुरता नाहीं. खोटें आहे हें जाणून घेतलेलें सुख सदोष असतें काय? आणि सदोष असेल, तर तो दोष त्या खोटेपणाचाच असतो, कीं दुसऱ्या कशाचा?

विचार करण्यापूर्वीं या टिकी पानगृहांची जन्मकथा वाचकांस सांगितली पाहिजे. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. ती उठल्यावर लवकरच, कॅरिबियन व पॅसिफिक समुद्रांतील बेटांवर भटकून आलेल्या अर्नेस्ट गँट नांवाच्या एका तरुणानें हॉलिवुडमध्यें एक लहानसें पानगृह उघडलें. मासेमारीचीं जाळीं, फुटक्या होड्यांच्या फळ्या, बांबू व शिंपले यांनीं त्यानें तें सजविलें. आणि भूमिकेशीं इतका तद्रूप झाला कीं स्वतःचें नांवहि बदलून त्यानें डॉन बीच असें घेतलें. 'बीच' म्हणजे समुद्रकिनारा! तो काळ मोठ्या मंदीचा होता. ज्याला हवाई बेटाच्या जहाजाचें तिकीट स्वप्नांतहि परवडणारें नव्हतें, त्या शहरी माणसास तो एका पेल्याच्या किंमतींत समुद्रापलीकडे नेऊन पोहोंचवीत असे. त्याच्याविषयीं अशी गोष्ट सांगतात कीं, गिऱ्हाईक उठूं लागलें कीं तो पत्र्याच्या छपरावर नळीनें पाणी सोडी; बाहेर पाऊस पडतो आहे असें वाटून गिऱ्हाईक पुन्हा बसे आणि आणखी एक पेला मागवी. टोंगा रूममधल्या पावसाचें मूळ असें फार जुनें आहे. इतकेंच कीं, हॉलिवुडचा पाऊस फसविण्यासाठीं होता आणि टोंगा रूमचा रिझविण्यासाठीं आहे.

सॅन फ्रॅन्सिस्कोच्या समोरच खाडीपलीकडे ओकलंड शहर आहे. तेथें व्हिक्टर बर्जेरॉन नांवाच्या गृहस्थानें १९३४ सालीं एक खाणावळवजा दुकान थाटलें होतें. डॉन बीचचें पानगृह पाहून त्यानेंहि आपल्या दुकानाचा कायापालट केला व त्यास 'ट्रेडर व्हिक्स' असें नांव दिलें. लहानपणीं क्षयानें त्याचा एक पाय गेला होता. परंतु गिऱ्हाइकांस तो शार्क माशानें तोडल्याची कथा रंगवून सांगत असे. १९४४ सालीं जमेकाची सतरा वर्षें मुरलेली रम, लिंबाचा रस, संत्र्याच्या सालीचें मद्य व बदामाचें सरबत एकत्र करून त्यानें एक पेय तयार केलें. ताहिती बेटावरून आलेल्या त्याच्या स्नेह्यांनीं तें चाखून आपल्या भाषेंत "फारच छान!" असा उद्गार काढला, त्या उद्गारांतले शब्द हेंच त्याचें नांव झालें. आमच्या कुटुंबास जी माई व ताई वाटली, ती ही. पुढें युद्ध संपलें, पॅसिफिकमध्यें लढलेले लाखो सैनिक घरीं परतले, आणि त्या समुद्राच्या आठवणी, खऱ्या आणि सुधारून घेतलेल्या, अमेरिकेच्या घरोघरीं पोहोंचल्या. शहरोशहरीं टिकी पानगृहें निघालीं. १९७० नंतर ही हौस ओसरली. १९९० नंतर पुन्हा तिला भरती आली. आणि आज त्याच सॅन फ्रॅन्सिस्कोंत, २००९ सालीं उघडलेल्या 'स्मगलर्स कोव्ह' नांवाच्या पानगृहांत, शेंकडों प्रकारची रम मांडून ठेवलेली आढळते.

आतां या सुखावर पहिला आरोप खोटेपणाचा. तो सिद्ध करणें मुळींच कठीण नाहीं. ज्या पॉलिनेशियाच्या नांवानें हा सारा थाट, त्या पॉलिनेशियांत युरोपियन जहाजें येईपर्यंत मद्य म्हणून कांहीं नव्हतेंच. तेथील लोक 'कावा' नांवाच्या झुडुपाचें मूळ कुटून, पाण्यांत कालवून पीत. तें मद्य नव्हे, आणि तें प्राशन करण्याचे रीतिरिवाज आपल्याकडील तीर्थप्रसादाइतके काटेकोर असत. टिकी पेल्यांतली रम कॅरिबियन बेटांची, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्याच बाजूची. खाद्यपदार्थ बहुतेक कँटनी चिनी वळणाचे. 'क्रॅब रंगून' नांवाचा एक पदार्थ ट्रेडर व्हिकनें प्रसिद्धीस आणला: चिनी पद्धतीच्या पापुद्र्यांत अमेरिकन मऊ चीज व खेंकड्याचें मांस भरून तळावयाचें आणि त्यास ब्रह्मदेशच्या तेव्हांच्या राजधानीचें नांव द्यावयाचें! रंगूनमधल्या माणसाला तो पदार्थ ओळखूं आला असता असें वाटत नाहीं.

परंतु येथें भाच्याचें म्हणणें आम्हांस मान्य करावें लागतें. खोटेपणा हा कलेंत दोष नव्हे, हें आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं हजार वर्षांपूर्वीं सांगून ठेवलें आहे. भरताच्या रससूत्राचें विवरण करतांना श्रीशंकुकानें चित्रांतल्या घोड्याचा दृष्टांत दिला. भिंतीवर काढलेला घोडा पाहून आपण 'हा घोडा' असें म्हणतों. हें ज्ञान खरें म्हणावें, तर तेथें घोडा नाहीं. खोटें म्हणावें, तर आपण फसलेले नाहीं. संशय म्हणावा, तर मनांत शंका नाहीं. आणि घोड्यासारखें कांहीं दिसतें असेंहि आपण म्हणत नाहीं. सत्य, मिथ्या, संशय व सादृश्य या चारहि कोटींहून निराळी अशी ही प्रतीति आहे, आणि नटाच्या ठायीं रामाची प्रतीति होते ती याच जातीची. टोंगा रूममधला पाऊस हा चित्रांतला घोडाच आहे. त्यास खोटा म्हणणें म्हणजे कालिदासावर खोटी साक्ष दिल्याचा खटला भरणें होय.

शिवाय पेला खोटा नसतो. डॉन बीचनें १९३४ सालीं सिद्ध केलेली 'झोंबी' घ्या. पोर्तो रिकोची, जमेकाची व डेमेराराची अशी तीन प्रकारची रम, लिंबाचा रस, बार्बाडोसकडील मसालेदार पाक, डाळिंबाचें सरबत, एका बडीशेपवासाच्या मद्याचे सहा थेंब, आणि 'डॉनचें मिश्रण' असें नुसतें नांव लिहिलेल्या बाटलींतला एक घटक. एका रमवर दुसरी रम चढवून, आंबट, गोड व कडू यांचा असा तोल साधावयाचा कीं कोणाचेंच वर्चस्व जाणवूं नये. ही विद्या पोरकट खचितच नव्हे. ती चोरली जाऊं नये म्हणून डॉन बीच बाटल्यांवर नांवांऐवजीं आंकडे व खुणा घालीत असे. पेला बनविणाऱ्यालाहि आपण काय ओततों आहों हें ठाऊक नसे. आणि हें पेय इतकें उग्र होतें कीं एका माणसास दोनांहून अधिक पेले न देण्याचा त्याच्या दुकानाचा नियम होता. कारागिरीपुरतें बोलावयाचें तर येथें लटकें कांहीं नाहीं.

दुसरा आरोप मद्यपानाचा. तो आम्ही येथें बाजूस ठेवतों. मद्याच्या बऱ्यावाईटाविषयीं आमचीं मतें आहेत. परंतु तीं सांगून प्रस्तुत प्रश्न सुटत नाहीं. आमच्या पेल्यांत मद्य नव्हतें, तरी आम्ही बसलों होतों तें त्याच बेटावर. मद्य काढून घेतल्यानें जो दोष जात नाहीं, तो मद्याचा नव्हे.

मग तो दोष कोणता? आमच्या शेजारच्या मेजावर कोणी एक चिनी मातीचा उंच पेला ठेवून गेला होता. तो पेला म्हणजे एक मुखवटा होता: वटारलेले डोळे, विचकलेले दांत, आणि डोक्याच्या पोकळींत खुपसलेली नळी. ही 'टिकी'. दुकानांच्या या सबंध जातीस जिनें नांव दिलें ती हीच. माओरी लोकांच्या पुराणकथेंत टिकी हा आदिपुरुष. मार्केसास बेटांत टिकी म्हणजे पूर्वजांच्या व देवांच्या कोरलेल्या प्रतिमा. हवाई बेटांतहि अशाच मूर्ति देवळांच्या आवारांत उभ्या असत. १८१९ सालीं पहिला कामेहामेहा राजा वारल्यावर तेथील राज्यकर्त्यांनींच जुना धर्मनिर्बंध मोडला, आणि देवळांतल्या मूर्ति जाळण्या-पाडण्यांत आल्या. ख्रिस्ती उपदेशक दुसऱ्या वर्षीं येऊन पोहोंचले. ज्या थोड्या मूर्ति उरल्या त्यांतील कित्येक परदेशच्या संग्रहालयांत गेल्या. आणि पुढें सव्वाशें-दीडशें वर्षांनीं त्या देवतांचें पुनरुज्जीवन झालें तें मद्याचे पेले म्हणून.

आम्हीं तो पेला हातांत घेतला आणि मनांत एक कल्पना आली. समजा, एखाद्या दूरच्या शहरांत 'कोंकण-गृह' नांवाचें पानगृह आहे. झावळ्यांचें छप्पर आहे, कोनाड्यांत नारळ आहेत, आणि मद्य येतें तें गजाननाच्या पोकळ मूर्तींतून; सोंडेंतून नळी काढलेली आहे. तेथील लोक दुष्ट नाहींत. ते कोणाची कुचेष्टा करीत नाहींत; उलट त्यांना ही मूर्ति फार गोड वाटते. आपण त्यांना काय म्हणूं? "सर्वांना ठाऊक आहे कीं हा खरा गणपति नाहीं" हें उत्तर आपणांस पुरेसें वाटेल काय?

कोणी म्हणेल, आपणहि देवदेवतांचीं चित्रें काडेपेट्यांवर छापलीं, विडीच्या बंडलांवर छापलीं, आणि तीं पायदळीं तुडविलीं; त्या वेळीं हा सोंवळेपणा कोठें होता? आक्षेप खरा आहे. परंतु आपण आपल्या देवाशीं सलगी करतों, आणि ज्याच्या देवाची आपण थट्टा मांडली तो तेथें बोलावयास नसतो, या दोन गोष्टी एक नव्हेत. घरांतलें लेंकरूं आजोबांच्या मिशा ओढतें. रस्त्यावरच्या माणसानें तसें करून चालत नाहीं. सलगीला नातें लागतें.

आणि ज्या काळांत हे पेले अमेरिकेंतल्या मेजांवर आले, त्या काळांत त्या समुद्रांत प्रत्यक्ष काय चाललें होतें? हवाईच्या राणीचें राज्य १८९३ सालीं उलथून टाकलें होतें व १८९८ सालीं तीं बेटें अमेरिकेस जोडलीं होतीं. त्यांतलें लानाई नांवाचें जवळजवळ सबंध बेट एका अननस-कंपनीनें १९२२ सालीं विकत घेतलें होतें. मार्च १९४६ मध्यें मार्शल बेटांपैकीं बिकिनीवरच्या १६७ रहिवाशांना, मानवजातीच्या कल्याणासाठीं म्हणून, आपलें बेट सोडावयास लावलें. जुलैंत तेथें अणुबाँबचे स्फोट सुरू झाले, आणि १९५८ पर्यंत त्या एका बेटसमूहावर २३ स्फोट झाले. १९५४ सालचा त्यांतला एक हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारें हजारपट होता. जगानें त्या बेटाचें नांव उचललें तें पोहण्याच्या पोषाखासाठीं. बेट राहण्यास अयोग्य होत होतें आणि त्या समुद्राचें चित्र अधिकाधिक मोहक होत चाललें होतें.

श्रीशंकुकाच्या दृष्टांताची मर्यादा येथें कळते. भिंतीवर घोडा रंगविल्यानें तबेल्यांतल्या घोड्याचें कांहीं बिघडत नाहीं. पण माणसांचें चित्र काढलें, आणि तें चित्र इतकें लोकप्रिय झालें कीं खऱ्या माणसांकडे पाहण्याची कोणास गरजच उरली नाहीं, तर त्या चित्रानें त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं असें कसें म्हणतां येईल? ज्या बेटांवर सदा नाच, सदा फळें व सदा सुट्टी, तेथल्या लोकांना दुःख असेल हें प्रेक्षकाच्या ध्यानांतच येत नाहीं.

हा विसर केवळ दूरच्या बेटांपुरता नाहीं. तो खुद्द त्या पानगृहांतहि आहे. डॉन बीचच्या दुकानांत पेले कोण बनवीत होते? मुख्यतः फिलिपाइन बेटांतून आलेले तरुण. १८९८ पासून तीं बेटें अमेरिकेच्या ताब्यांत होतीं. ज्या १९३४ सालीं झोंबी जन्मास आली, त्याच सालीं अमेरिकेनें कायदा करून फिलिपिनो लोकांचा प्रवेश वर्षाला ५० जणांवर आणून ठेवला. गिऱ्हाइकांच्या दृष्टीनें हे तरुण म्हणजे देखाव्याचाच एक भाग: रंगीत सदरा घातलेले, हंसतमुख, कोणत्या तरी बेटावरचे. वस्तुतः त्या विद्येचे खरे धारक तेच होते. डॉन बीचची मूळ झोंबी पुढें लुप्त झाली; तिच्या नांवाखालीं कोणीहि कांहींहि देऊं लागला. अखेर जेफ बेरी नांवाच्या शोधकानें ती २००७ सालीं प्रसिद्ध केली, आणि तिचा माग त्याला लागला तो डॉन बीचच्या दुकानांतील डिक सँटिआगो नांवाच्या एका जुन्या सेवकाच्या १९३७ सालच्या टिपणवहींत. त्या खुणेच्या बाटलींत ग्रेपफ्रूटचा रस व दालचिनीचा पाक होता, हेंहि जुन्या कारागिरांकडूनच कळलें. डॉन बीचच्या आरंभीच्या दिवसांत तेथें काम केलेल्या रे ब्यूएन या फिलिपिनो कारागिरानें १९६१ सालीं लॉस एंजेलिसच्या सनसेट बूलेव्हार्डवर 'टिकी-टी' नांवाचें चिमुकलें पानगृह स्वतःच्या मालकीनें उघडलें. त्याच्या मुलानें व नातवानें तें पुढें चालविलें आहे. ही हकीकत कळल्यावर त्या विद्येविषयींचा आमचा आदर कमी झाला नाहीं, वाढला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

आणि रम? रम उंसाच्या मळीपासून होते. कॅरिबियन बेटांवर ऊंस लावला, तोडला आणि गाळला तो आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांनीं. ब्रिटिश साम्राज्यांत गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ सालीं झाला, आणि मळ्यांना नवे हात हवे झाले. ते हात हिंदुस्थानांतून गेले: मॉरिशसला, त्रिनिदादला, फिजीला. मुंबई बंदरांतून मॉरिशसला गेलेल्या गिरमिट्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजहि त्या बेटावर गणेशोत्सव करतात. तेथली साखर आपल्याकडे येई. जुन्या बोलण्यांत पांढऱ्या साखरेस 'मोरस' म्हणत, तो शब्द त्या बेटाच्या नांवाचाच. आमच्या आजीच्या तोंडीं तो शब्द होता. तो वापरतांना तिला बेट आठवत नसे, आणि बेटावर गेलेलीं माणसेंहि आठवत नसत. इतकें दूर तरी कशास जावें? बीडकडून कोयता घेऊन निघालेलीं ऊंसतोड कामगारांचीं कुटुंबें दर हंगामांत आपल्या डोळ्यांदेखत जात असतात, आणि आपल्या चहांतली साखर आपणांस त्यांची आठवण देत नाहीं.

येथवर लिहिल्यावर आम्हांस अमेरिकेस बोल लावण्याचा अधिकार कितपत आहे, याचीहि शंका येऊं लागली. अमेरिकेनें पॉलिनेशियाचें जें केलें, तेंच आपण गोव्याचें केलें नाहीं काय? हिंदी चित्रपटांनीं व पर्यटनाच्या जाहिरातींनीं मिळून एक गोवा तयार केला आहे: सदा किनारा, सदा मद्य, आणि गिटार घेऊन झुलणारा, कामधंदा नसलेला, गोड माणूस. कुळागरांत पोफळीला पाणी देणारा, खाजन शेतीचे बांध राखणारा, काजूचीं बोंडें गोळा करून मे महिन्याच्या आधीं भट्टी लावणारा, तियात्रांत राज्यकर्त्यांना सुनावणारा आणि शांतादुर्गेच्या जत्रेस अनवाणी जाणारा गोवेंकर त्या चित्रांत बसत नाहीं. आमच्या ओळखीचे कितीतरी सज्जन वर्षांतून दोनदां गोव्यास जातात. त्यांनीं पाहिलेला गोवा हा टोंगा रूमच आहे. फरक इतकाच कीं, तेथला पाऊस खरा असतो.

आतां वाचक म्हणतील, "अशा रीतीनें प्रत्येक सुखाची उलटतपासणी करूं लागलों, तर जगांत निर्दोष सुख कोणतें उरेल? आंगावरचा कपडा, कपांतला चहा, पायांतली वहाण, सर्वांच्या मागें कोणाचे तरी कष्ट आहेतच. सुखाचा धर्मच मुळीं विसरणें हा आहे. दिवसभर राबलेला माणूस घटकाभर विसरावयास जातो. त्याच्या हातीं इतिहासाचें पुस्तक देणें हा दुष्टपणा आहे." हा पूर्वपक्ष बळकट आहे, आणि त्याची थट्टा करून भागणार नाहीं. मंदीच्या काळांत डॉन बीचच्या दुकानीं जाऊन बसलेला बेकार नट किंवा टंकलेखिका यांस आम्ही पापी म्हणावयास तयार नाहीं.

परंतु विसरण्याचेहि दोन प्रकार आहेत. स्वतःचें दुःख घटकाभर विसरणें हा एक. दुसऱ्याचें दुःख कायमचें न जाणणें हा दुसरा. पहिल्याची माणसास गरज असते; त्यासाठींच नाटकें आहेत, गाणीं आहेत, उत्सव आहेत. दुसऱ्याची गरज सुखास नसते. ती असते फक्त एका विशिष्ट प्रकारच्या सुखास, म्हणजे जें सत्य कळतांच मरतें त्यास. त्यावरून सुखाची एक साधी कसोटी आम्हांस सुचते. एखाद्या सुखाविषयीं जें जें जाणण्यासारखें आहे तें तें जाणून घ्यावें, आणि मग तें सुख उरतें काय हें पाहावें. उरलें, तर तें निर्दोष. जाणल्यावर वाढलें, तर तें उत्तम. आणि तें टिकविण्यासाठीं कांहीं गोष्टी मुद्दाम न जाणण्याची खटपट करावी लागली, तर समजावें कीं त्याची किंमत कोणी तरी दुसराच देत आहे.

ही कसोटी टिकी पानगृहास लावून पाहूं. पाऊस नळाचा आहे हें कळल्यानें त्याची मौज जात नाहीं. त्याच्या नळांची मांडणी कळल्यावर ती वाढते. तेव्हां पाऊस निर्दोष आहे, आणि या एका बाबतींत आमच्या भाच्याची सरशी आम्ही कबूल करतों. झोंबींत काय काय आहे, तें कोणीं जतन केलें, हें कळल्यानें तिची गोडी वाढते. तेव्हां ती विद्याहि निर्दोष आहे. मात्र तिच्या धारकांचीं नांवें तिच्याबरोबर घेतलीं पाहिजेत. क्रॅब रंगूनची खरी कुळकथा कळल्यावर तर तें खातांना हंसूं येतें, आणि हंसत खाल्लेला घांस बाधत नाहीं. पण तो मुखवट्याचा पेला? ती कोणाच्या पूर्वजाची मूर्ति, ती कशी जळाली, आणि तिचे वंशज आज ती अशी पाहून काय म्हणतात, हें सर्व जाणून तो पूर्वींच्याच आनंदानें ओंठास लावतां येईल काय? आम्हांस लावतां आला नसता. अलीकडे त्या व्यवसायांतल्याच कित्येक लोकांनीं हा प्रश्न स्वतःस विचारण्यास आरंभ केला आहे. पॅसिफिक बेटांतल्या लोकांचें म्हणणें ऐकून कांहींनीं देवतांचे मुखवटे काढून टाकले, 'टिकी' हें नांव सोडून नुसतें 'उष्ण कटिबंधाचें पानगृह' असें नांव घेतलें, आणि बांबू, बर्फ, फळें व रम हीं तशींच ठेवलीं. तरी पाऊस पडावयाचा राहिला नाहीं. गिऱ्हाइकेंहि उठून गेलीं नाहींत.

येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. डॉन बीचच्या बहुतेक पेयांचें मूळ ज्या जुन्या पेयांत आहे, त्यास इंग्रजींत 'पंच' म्हणतात. सतराव्या शतकांत आपल्या बंदरांवर आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनीं व खलाशांनीं तें उचललें. आणि मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला या पांच वस्तूंवरून तें नांव पडलें, म्हणजे तो आपलाच 'पांच' हा शब्द, असें अनेक कोशकार म्हणतात. तेव्हां ज्या पेल्याकडे आम्ही परका म्हणून पाहत होतों, त्याचा एक पूर्वज आमच्याच किनाऱ्यावरून निघालेला होता. हें कळल्यावर आम्हांस राग आला नाहीं. उलट, हरवलेला नातलग भेटावा तसें वाटलें. उसनें घेणें हा गुन्हा नव्हे. जगांतलें प्रत्येक स्वयंपाकघर उसन्यावर चाललें आहे. आपली मिरची आणि आपला बटाटा तरी आपला कोठें आहे? उसनें घेतल्याचें लक्षांत ठेवलें म्हणजे झालें.

त्या संध्याकाळीं आम्ही निघालों तेव्हां पुन्हा गडगडाट झाला व सर आली. पैसे देतांना आम्हीं पेले आणून देणाऱ्या प्रौढ गृहस्थांस, ते मूळचे कोठले म्हणून सहज विचारलें. ते म्हणाले, "आई-वडील इलोकोसचे. फिलिपाइन्स." मग थोडें थांबून त्यांनीं आम्हांस विचारलें, "तुमच्याकडे खरा पाऊस पडतो ना?" आम्हीं म्हटलें, पडतो, चार महिने पडतो. त्यावर ते म्हणाले, "आमच्याकडेहि." आणि मग आम्ही दोघेहि त्या तलावाकडे पाहत क्षणभर उभे राहिलों. नळाचा पाऊस त्या वेळीं आम्हांस पोरकट वाटला नाहीं. बाहेर आल्यावर भाच्यानें विचारलें, "मग मामा, पुन्हा यायचं का?" आम्हीं म्हटलें, "येऊं. पण त्या मुखवट्यांतून पिणार नाहीं. आणि त्या गृहस्थांचें नांव विचारावयाचें राहून गेलें, तें आधीं विचारूं."